आधी शिक्का, मग सही

पृथ्वीभोवती फिरलेला पहिला अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन, त्याची सही असलेलं फर्स्ट डे कव्हर, म्हणजे नव्या तिकिटावर त्याच्या विक्रीच्या पहिल्या दिवसाचा शिक्का मारलेलं पाकीट, विकायला काढणारा माणूस सगळ्यात आधी सहीचा फोटो पाठवतो. आम्ही तो बाजूला ठेवतो आणि शिक्क्याचा फोटो मागतो. या संग्रहात खोटेपणा बहुतेक वेळा सहीत असतो, पाकिटात नसतो. साठेक वर्षांपूर्वीचं अस्सल पण स्वस्तात मिळणारं पाकीट उचलायचं आणि त्यावर काल-परवा सही ठोकायची, हा या धंद्यातला जुना प्रकार. पाकीट खरं निघालं म्हणून सही खरी ठरत नाही. मात्र पाकीट सहीला खोटं पाडू शकतं, आणि तेही सहीकडे न बघता. म्हणून क्रम ठरलेला: शिक्का, तिकीट, टपालाचा दर, कागद, छापील चित्र, आणि सही अगदी शेवटी.

या वेळी समोर आलेलं पाकीट नेहमीच्या छोट्या अमेरिकी आकाराचं होतं, साडेसहा इंच रुंद. डावीकडे निळ्या शाईत छापलेलं रॉकेट, म्हणजे संग्राहक ज्याला कॅशे म्हणतात ते चित्र. उजवीकडे 'प्रोजेक्ट मर्क्युरी'चं, म्हणजे माणूस अवकाशात पाठवण्याच्या पहिल्या अमेरिकी मोहिमेचं, ४ सेंटचं तिकीट, त्यावर केप कॅनाव्हेरल या फ्लोरिडातल्या उड्डाणाच्या ठिकाणचा २० फेब्रुवारी १९६२ चा शिक्का, वेळ दुपारी ३:३०. पत्ता नाही. मधल्या रिकाम्या जागेत निळ्या फेल्ट पेनने केलेली ग्लेनची सही, तिचं शेवटचं टोक शिक्क्याच्या आडव्या रेघांत शिरलेलं.

तिकिटाची हकिकत माहीत असली की अर्धी तपासणी तिथेच होते. २० फेब्रुवारी १९६२ रोजी सकाळी ९:४७ वाजता ग्लेनचं यान 'फ्रेंडशिप ७' उडालं, पृथ्वीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि दुपारी २:४३ ला अटलांटिकमध्ये उतरलं. साडेतीनला अमेरिकी टपाल खात्याने तिकीट विक्रीला आणलं, तेही आगाऊ घोषणा न करता. चार्ल्स चिकरिंग या चित्रकाराने रजेवर असल्याचं भासवून घरी बसून चित्र केलं, छपाई गुपचूप झाली, आणि सीलबंद पुडकी देशभरच्या तीनशेहून जास्त टपाल कचेऱ्यांत आधीच पोचवून ठेवली होती. उड्डाण सुखरूप पार पडल्याचा निरोप येईपर्यंत ती उघडायची नव्हती.

याचा सरळ अर्थ असा की या तिकिटावर केप कॅनाव्हेरलचा साडेतीनच्या आधीचा शिक्का असूच शकत नाही. सकाळच्या वेळेचा शिक्का असलेली ग्लेनची अस्सल पाकिटं आहेत, पण ती उड्डाणाची पाकिटं. त्यांवर आधीपासून चलनात असलेलं एखादं ४ सेंटचं तिकीट दिसेल. एक पोटनियम लक्षात ठेवायचा. विक्री देशभर एकाच क्षणी सुरू झाली, घड्याळं मात्र वेगवेगळी होती. पूर्व किनाऱ्यावर साडेतीन वाजले तेव्हा कॅलिफोर्नियात साडेबारा झाले होते. तिकडच्या गावाचा दुपारी एकचा शिक्का बघून कुणी पाकीट खोटं म्हणत असेल, तर त्याने चांगलं पाकीट हातचं घालवलं असं समजा.

गोम पुढे आहे. केप कॅनाव्हेरलचा ३:३० चा शिक्का म्हणजे ते पाकीट साडेतीन वाजता तिथे होतं, असं नाही. अनपेक्षित तिकीट असल्यामुळे संग्राहकांनी नंतर पाकिटं पाठवली आणि त्यांना त्याच तारखेचा, त्याच वेळेचा शिक्का मारून मिळाला. त्यामुळे ही पाकिटं लाखांनी आहेत, स्वस्त आहेत, आणि म्हणूनच खोटी सही करणाऱ्याला सोयीची आहेत. त्या दिवशी खरोखर धावत टपाल कचेरीत जाऊन भलत्याच गावात शिक्का मारून घेतलेलं साधं पाकीट दुर्मीळ असतं. दिसायला ते कळकट, कॅशे नसलेलं. नवखा माणूस नेमकं तेच सोडून रॉकेटवालं चकचकीत पाकीट उचलतो.

शिक्का भिंगाखाली बघताना आम्ही अक्षरांकडे नंतर बघतो, आधी तिकिटाच्या कडेकडे. तिकिटाची जाडी म्हणजे एक बारीक पायरी असते. शिक्का तिकिटावरून पाकिटावर उतरताना या पायरीपाशी शाई किंचित तुटते, किंवा दातांच्या खाचांत साचते. रेघ अखंड, एकसारखी, पायरी जणू नाहीच अशी गेली असेल तर शिक्का छापलेला असण्याची शक्यता धरायची. रेघ पायरीपाशी बाजूला सरकली असेल, तर तिकीट दुसऱ्या पाकिटावरून उचलून इथे चिकटवलेलं आहे. हे तिकीट खोदकाम केलेल्या पत्र्यावरून, जिओरी यंत्रावर छापलेलं आहे, त्यामुळे त्याची गडद निळी शाई कागदावर उठून येते. टॉर्च पाकिटाच्या पातळीला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड टाकला की ती खरखर दिसते. रंगीत प्रतीवर ती येत नाही.

तारखांचा हिशेब हे फुकटातलं आणि सगळ्यात धारदार हत्यार. 'स्पेस ट्विन्स' म्हणून ओळखली जाणारी ५ सेंटची जोड तिकिटं घ्या: एका तिकिटावर अवकाशात तरंगणारा माणूस, शेजारच्यावर मर्क्युरीनंतरचं दोन माणसांचं जेमिनी यान. चित्र बघताच जून १९६५ मध्ये जेमिनी ४ मधून बाहेर पडलेला एड व्हाइट आठवतो, आणि त्याची सही या तिकिटाच्या पाकिटावर शोभून दिसेल असं कुणालाही वाटेल. पण तिकिटं निघाली २९ सप्टेंबर १९६७ रोजी. व्हाइट आणि त्याचे सहकारी ग्रिसम व चॅफी २७ जानेवारी १९६७ ला अपोलो १ यानात जमिनीवरच्या चाचणीत लागलेल्या आगीत गेले होते. तेव्हा या तिकिटावर व्हाइटची सही कितीही देखणी असली तरी खोटीच. सोव्हिएत अंतराळवीरांपैकी गागारिनसाठी शेवटची तारीख २७ मार्च १९६८, कोमारोवसाठी २४ एप्रिल १९६७. वहीच्या पहिल्या पानावर मृत्यूच्या तारखांचा हा तक्ता असावाच.

आपल्याकडेही या हिशेबाचं एक उदाहरण आहे. अपोलो ११ चे तिघे जगाच्या दौऱ्यात ऑक्टोबर १९६९ च्या अखेरीस मुंबईत आले होते, तुफान गर्दी झाली होती. भारताचं 'चंद्रावरचा पहिला मानव' हे २० पैशांचं तिकीट मात्र १९ नोव्हेंबर १९६९ ला निघालं. 'आमच्या काकांनी मुंबईत त्यांच्याकडून सही घेतली' असं सांगत कुणी या तिकिटाचं फर्स्ट डे कव्हर पुढे केलं तर काकांचं वय विचारत बसायची गरज नाही. त्या दौऱ्यातली सही कार्यक्रमपत्रिकेवर असेल, साध्या पाकिटावर असेल, जुन्या तिकिटावर असेल. या तिकिटावर असणार नाही. गागारिनही डिसेंबर १९६१ मध्ये मुंबईला येऊन गेला. त्या दिवसांच्या कागदावरची त्याची सही अशक्य नाही, पण नुसत्या घरच्या आठवणीवर पैसे मोजू नयेत.

टपालाचा दर हा दुसरा साक्षीदार. अमेरिकेत साध्या पत्राला ६ जानेवारी १९६३ पर्यंत ४ सेंट लागत. पुढे ५, जानेवारी १९६८ पासून ६ आणि १६ मे १९७१ पासून ८ सेंट झाले. म्हणजे मर्क्युरीची बहुतेक उड्डाणं ४ च्या काळातली, जेमिनी पूर्णपणे ५ च्या, अपोलो ७ ते १४ ही ६ च्या आणि अपोलो १५ च्या पुढची ८ च्या. मे १९६३ मधलं गॉर्डन कूपरचं उड्डाण मर्क्युरीचं असूनही ५ सेंटच्या काळात येतं, तिथे गडबडायचं नाही. दरापेक्षा जास्त तिकीट लावलेलं चालतं, कारण लोक हौसेने लावत. कमी तिकीट लावलेलं पाकीट मात्र टपालातून आलं असेल तर बाकी वसुलीची खूण असायला हवी. झिप कोड, म्हणजे अमेरिकेचा पिनकोड, १ जुलै १९६३ ला सुरू झाला. १९६२ च्या पाकिटावर पत्त्याच्या रबरी शिक्क्यात पाच आकडी झिप दिसला, तर पत्ता नंतर मारलाय. त्याने पाकीट बाद होत नाही, पण 'तेव्हा टपालाने आलेलं' ही कहाणी बाद होते.

नौदलाच्या जहाजांची पाकिटं हा याच घराण्यातला, माझ्या मते जास्त रंजक प्रकार. परतणारं यान समुद्रात उतरायचं, ते उचलणाऱ्या जहाजावर स्वतःची टपाल कचेरी असायची, आणि संग्राहक आपापली पाकिटं गठ्ठ्याने आधीच जहाजाकडे पाठवून ठेवायचे. अंतराळवीर शेपर्डसाठी ५ मे १९६१ ला लेक शॅम्प्लेन हे जहाज, ग्रिसमसाठी रँडॉल्फ, ग्लेनसाठी नोआ, शिर्रा आणि कूपर या दोघांसाठी कीअरसार्ज, अपोलो ११ साठी हॉर्नेट. खगोल-टपालाच्या, म्हणजे अवकाश मोहिमांच्या टपाल संग्रहाच्या, प्रदर्शनांत नियमच असा आहे की शिक्का घटनेच्या दिवसाचा आणि घटनेला सगळ्यात जवळच्या टपाल कचेरीचा हवा. ग्लेनसाठी तो उड्डाणाच्या वेळी केपचा आणि उतरताना नोआचा.

यातलं जेमिनी ८ बघण्यासारखं आहे. १६ मार्च १९६६ ला नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट उडाले, अजेना या मानवरहित यानाला जोडले गेले, मग यान वळवणारं एक छोटं इंजिन (थ्रस्टर) अडकून यान गरागरा फिरू लागलं आणि मोहीम साडेदहा-अकरा तासांत गुंडाळावी लागली. ठरलेलं मुख्य जहाज बॉक्सर अटलांटिकमध्ये उभं होतं, यान उतरलं पश्चिम पॅसिफिकमध्ये, आणि उचललं लेनर्ड एफ. मेसन या विनाशिकेने. संग्राहकांचे गठ्ठे बॉक्सरवर होते. त्यामुळे बॉक्सरचा शिक्का असलेली पाकिटं सहज मिळतात आणि मेसनची शोधावी लागतात. विक्रेता बॉक्सरच्या पाकिटाला 'यान उचलणाऱ्या जहाजाचं' म्हणत असेल तर तो एक तर अडाणी आहे किंवा तुम्हाला तसं समजतोय. असाच दुसरा सापळा हॉर्नेटचा. २४ जुलै १९६९ च्या शिक्क्यावर तिघांच्या सह्या, आणि खाली 'जहाजावर सही केलेलं'. त्या दिवशी तिघे फिरत्या विलगीकरण कक्षात बंद होते आणि विलगीकरण १० ऑगस्टला संपलं. सह्या खऱ्या असू शकतात, पण त्या नंतरच्या. किंमत 'जहाजावर' या शब्दासाठी मोजायची नाही.

कागद आणि कॅशे यांवर फार वेळ जात नाही. खोली अंधारी करून ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा लावायचा. पाकीट निळसर चमकलं म्हणून घाबरू नये, तोपर्यंत कागदात चमक आणणारी द्रव्यं वापरात आलेली होती. बघायचं ते चमकेतलं वेगळेपण. पत्ता खोडून काढला असेल तर तेवढा चौकोन वेगळा दिसतो, सोललेल्या लेबलचा गोंद पिवळट उठतो. बिनपत्त्याच्या पाकिटाला भाव जास्त म्हणून पेन्सिलीचे पत्ते सर्रास खोडले जातात. आमच्या पाकिटावर असा चौकोन नव्हता. कॅशे दहापट भिंगाखाली बघायचं: रंगीत ठिपक्यांची रांगोळी दिसली तर ते घरगुती प्रिंटरचं काम, वर बसलेली चकचकीत काळी भुकटी दिसली तर लेझर. दोन्ही १९६२ मध्ये नव्हती. आमच्या पाकिटावरची शाई कागदात मुरलेली, कडा किंचित दाबलेली. ठीक.

आता सही. इथे आधी दोन वेगळे प्रश्न सोडवून घ्यायचे: ती माणसाच्या हाताने झाली का, आणि झाली असेल तर त्याच माणसाच्या हाताने का?

पहिल्या प्रश्नातला मुख्य शत्रू ऑटोपेन. हे सही करणारं यंत्र. आत सहीचा साचा बसवतात आणि यांत्रिक हात खरं पेन धरून तीच सही हव्या तितक्या वेळा काढतो. जेमिनीच्या काळापासून अंतराळवीरांच्या टपालाला उत्तरं देताना त्याचा भरपूर वापर झाला. शाई खरी, पेन खरं, त्यामुळे 'हे छापील नाही' एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. खुणा अशा. पेन सरळ खाली येऊन टेकतं आणि सरळ वर उचललं जातं, म्हणून रेघेच्या सुरुवातीला आणि शेवटी शाईचा ठिपका. माणूस वेगात सही करतो तेव्हा शेपूट निमुळतं होत जातं; यंत्राचं बोथट संपतं. रेघेची जाडी सगळीकडे एकसारखी, आणि लांब वळणांत बारीक थरथर, आगगाडीत बसून लिहिल्यासारखी. निर्णायक कसोटी मात्र जुळवणीची. स्कॅन केलेली सही पारदर्शक करून माहीत असलेल्या ऑटोपेन नमुन्यांवर ठेवायची. दोन मानवी सह्या कधीच तंतोतंत बसत नाहीत. बसली तर यंत्र. थोडं उलट-सुलट फिरवून बघायचं, कारण यंत्राखाली कागद तिरका असू शकतो किंवा मध्येच सरकलेला असू शकतो.

ग्लेनच्या बाबतीत हे जास्त जपून करावं लागतं. तो १९७४ पासून १९९९ पर्यंत ओहायोचा सिनेटर होता. सिनेटरच्या कार्यालयातून रोज गठ्ठ्याने पत्रं जातात आणि त्यांवरची सही यंत्राने किंवा कचेरीतल्या माणसाने केलेली असू शकते. कर्मचाऱ्याने केलेली सही पकडणं यंत्रापेक्षा अवघड, कारण ती हातानेच, सराईतपणे, वेगात केलेली असते. तिथे अक्षरांची घडण बघावी लागते: सुरुवातीचा फटका कुठून येतो, कोणती अक्षरं जोडलेली आहेत, पेन कुठे उचललं आहे, ओळ वर चढते की खाली येते. तुलनेला सह्या त्याच काळातल्या घ्यायच्या. माणसाची सही चाळीस वर्षांत बदलते. १९६२ ची सही १९९८ च्या नमुन्यांशी जुळवत बसलात तर खरी सही खोटी ठरवाल. ऑक्टोबर १९९८ मध्ये वयाच्या ७७ व्या वर्षी तो डिस्कव्हरी शटलमधून पुन्हा अवकाशात गेला, तेव्हा जुनी पाकिटं पुन्हा सहीला पुढे आली. आमच्या पाकिटावरचा फेल्ट पेन त्यातलाच असण्याची शक्यता जास्त होती. शार्पी हा जाड टोकाचा पेन १९६४ मध्ये बाजारात आला. १९६२ च्या पाकिटावर तसली जाड, एकसंध रेघ असणं म्हणजे सही नंतरची, एवढंच. ग्लेन ८ डिसेंबर २०१६ पर्यंत हयात होता, म्हणून ते चालतं. तोच पेन गागारिनच्या सहीत दिसला तर मात्र आम्ही व्यवहार तिथेच थांबवतो.

सही आणि शिक्का जिथे एकमेकांना छेदतात ती जागा पाकिटावरची सगळ्यात महागडी जागा. वर कोण, खाली कोण यावरून सही शिक्क्याआधीची की नंतरची हे ठरतं. इथेच विक्रेते आणि हौशी दोघेही ठामपणे चुकीचं बोलतात. साध्या डोळ्यांना आणि मोबाइलच्या फोटोत जास्त गडद शाई नेहमी वर दिसते, ती खाली असली तरी. काळा शिक्का आणि फिकट निळी सही असेल तर शिक्का वर 'दिसणारच'. वीस-तीस पट मोठं करून, तिरप्या उजेडात, दोन्ही बाजूंनी दिवा फिरवून बघावं लागतं. बॉलपेन असेल तर काम सोपं: गोळी शिक्क्याच्या शाईवरून जाताना किंचित घसरते, रेघ तिथे फिकी पडते, आणि दाबाची चर शिक्क्याच्या रेघेलाही दाबून जाते. फेल्ट पेनची शाई कागदात पसरते. शिक्क्याची तेलकट शाई तिला अडवते, म्हणून छेदाच्या जागी फेल्टची कड आत ओढल्यासारखी दिसते. आमच्या पाकिटावर ती तशी दिसली. म्हणजे सही शिक्क्यानंतरची, पेनाशी सुसंगत. पाकिटाच्या आत घातलेलं कडक कार्डही बाहेर काढून बघायचं. बॉलपेनची सही पाकिटावर झाली असेल तर कार्डावर तिची अंधुक चर उतरते. कार्ड कोरं गुळगुळीत आणि सही बॉलपेनची खोल दाबलेली, तर कार्ड बदललेलं आहे किंवा सहीच्या वेळी ते आत नव्हतं.

शिक्क्याखाली सही हवीच असा एक प्रकार आहे, तो म्हणजे 'विम्याची पाकिटं'. अपोलो ११ च्या तिघांनी उड्डाणाआधी पाकिटांवर सह्या करून ठेवल्या, आणि एका विश्वासू माणसाने त्यांवर उड्डाणाच्या दिवशी, १६ जुलै १९६९ ला, आणि चंद्रावर उतरण्याच्या दिवशी, २० जुलैला, शिक्के मारून घेतले. परत आले नाहीत तर कुटुंबाने ती विकावीत, हा हेतू. नंतरच्या काही अपोलो चमूंनीही हीच पद्धत ठेवली. ही पाकिटं अवकाशात गेलेली नाहीत, ती मागे घरीच राहिली. जाहिरातीत हे गोड शब्दांत लपवलेलं असतं. उलट खरोखर चंद्रावर जाऊन आलेल्या पाकिटांतलं गाजलेलं प्रकरण अपोलो १५ चं. सुमारे चारशे पाकिटं परवानगीशिवाय फाल्कन या चंद्रावर उतरणाऱ्या यानातून चंद्रावर गेली. त्यांवर १० सेंटच्या तिकिटावर २६ जुलै १९७१ चा केनेडी स्पेस सेंटरचा शिक्का, आणि ८ सेंटच्या जोड तिकिटांवर ७ ऑगस्टचा ओकिनावा जहाजाचा. जोड तिकिटं २ ऑगस्टला निघाली, म्हणून ती उड्डाणाच्या शिक्क्याखाली येऊच शकत नाहीत. शंभर पाकिटं जर्मन व्यापारी हेरमान सीगर याच्याकडे गेली आणि तो ती विकू लागल्यावर गवगवा झाला. उरलेली नासाने ताब्यात घेतली आणि १९८३ मध्ये अंतराळवीरांना परत मिळाली. सीगरकडे गेलेल्या शंभर पाकिटांच्या मागे नोटरीचा दाखला असतो. 'सीगरचं पाकीट' म्हणून दाखवलेल्यावर तो नसेल तर पुढे बोलूच नये.

पाकीट पसंत पडल्यावर विक्रेत्याकडून काय मागायचं ते लेखी मागावं. दोन्ही बाजूंचे किमान ६०० डीपीआयचे स्कॅन, 'उजळ करा' वगैरे काहीही न केलेले. सहीचा तिरप्या उजेडातला एक फोटो. पाकीट कुणाकडून आलं याची साखळी. आणि सही बाद ठरल्यास पैसे परत करण्याची मुदत. प्रमाणपत्र जोडलंय एवढ्याने भागत नाही. विक्रेत्याने स्वतः छापलेलं प्रमाणपत्र हे त्याचंच म्हणणं चांगल्या कागदावर. तटस्थ तपासणीचं प्रमाणपत्र असेल तर त्यावरचा फोटो हातातल्या पाकिटाशी ताडायचा: शिक्क्याचा कोन, तिकिटाचे दात, कोपऱ्यातला डाग. एका पाकिटाचं प्रमाणपत्र दुसऱ्याला जोडणं ही अगदी सोपी लबाडी आहे. आर्मस्ट्राँगसाठी तर तटस्थ तपासणीशिवाय हात घालू नये. त्याने १९९४ मध्ये सह्या देणं थांबवलं, आणि मागणी वाढली तशी खोट्या सह्यांची पैदासही.

पाठवताना पाकीट आधी प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, मग दोन कडक पुठ्ठ्यांत. पुठ्ठ्यांच्या आतल्या नळ्या एकमेकींना आडव्या असाव्यात, म्हणजे एकाच दिशेने वाकत नाहीत. चिकटपट्टी पुठ्ठ्याला, कव्हरला कधीच नाही. सीमाशुल्काच्या कागदावर 'जुनं फर्स्ट डे कव्हर, संग्रहासाठी' असं स्पष्ट वर्णन, सीमाशुल्काच्या वर्गीकरणातला शीर्षक क्रमांक ९७०४ आणि खरी किंमत लिहायला सांगा. विक्रेते भलं करतोय असं समजून 'भेट' लिहितात आणि दोन डॉलर किंमत टाकतात. पार्सल हरवलं की विमाही दोन डॉलरचाच. शुल्काचा दर मागवण्याआधी तपासून घ्यावा, तो बदलत राहतो.

पार्सल घरी आलं की लगेच फाडायचं नाही. विमानातून आलेला थंड कागद मुंबईच्या किंवा कोकणच्या दमट हवेत उघडला की बाष्प धरतो, आणि फेल्ट पेनच्या शाईला तेवढंही पुरतं. काही तास बंदच राहू द्या, मग उघडताना व्हिडिओ काढा.

जपणुकीत पावसाळा हाच खरा वैरी. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास हवी. पासष्टच्या वर बुरशी डोकं काढते, कागदावर तांबूस ठिपके उठतात आणि तिकिटाचा गोंद पाकिटाला पिवळं करतो. फार कोरडंही नको, चाळीसच्या खाली गोंद तडकतो आणि कागद वाकतो. कॅमेऱ्यासाठी मिळतं ते विजेवरचं कोरडं कपाट सगळ्यात सोयीचं. ते नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, रंग बदलणारी सिलिका जेल आणि आत एक स्वस्तातला आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की ती ओव्हनमध्ये तापवून परत वापरता येते. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, पावसाळ्यात तीच भिंत ओल धरते. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकण्याची आपल्याकडची सवय इथे मोडायला हवी, त्यांची वाफ प्लास्टिकवर आणि शाईवर बसते. कव्हर पॉलिस्टरचं घ्या, पीव्हीसीचं नको. पीव्हीसीतलं मऊ करणारं द्रव्य कालांतराने बाहेर येतं, पाकीट चिकट होतं आणि सही प्लास्टिकवर उतरते. लॅमिनेशन केलेलं पाकीट संग्राहकांच्या लेखी संपलेलं असतं. फ्रेम करून भिंतीवर लावायचा मोह झाला तर रंगीत प्रत लावा. फेल्ट पेनची सही उजेडात फिकी पडते, बॉलपेनची त्या मानाने टिकते.

नोंद पाकिटावर करायची नाही, आतल्या कार्डावरही नाही; वेगळ्या आम्लमुक्त कार्डावर, पेन्सिलीने. ग्लेनच्या या पाकिटाच्या कार्डावर इतकं लिहिलंय: तिकिटाचं नाव, शिक्क्याचं गाव आणि वेळ, कॅशेचं वर्णन, सही निळ्या फेल्ट पेनची आणि शिक्क्यानंतरची, ऑटोपेन नमुन्यांशी जुळत नाही, विक्रेत्याने सांगितलेली मालकीची साखळी, बिलाचा क्रमांक. 'सही बहुधा १९९८ च्या सुमाराची' ही ओळ प्रश्नचिन्हासकट आहे. बिल, पत्रव्यवहाराच्या छापील प्रती आणि पार्सलवरचं लेबल एका पाकिटात घालून त्याच डब्यात, पण वेगळ्या कव्हरमध्ये ठेवलेलं आहे.